देवळालीचा ताप व विलायती बाजारबोली

इंग्रजी भाषा आमच्या घरांत आली ती पुस्तकांच्या वाटेनें. शेक्सपीअर, मेकॉले, मिल्ल यांच्या ग्रंथांतून जी भाषा आमच्या आजोबा-पणजोबांनीं घोकली ती सभेस शोभणारी, अंगरखा-उपरणें घालून बसलेली इंग्रजी होती. त्यामुळें एखादी विलायती कादंबरी वाचीत असतां, किंवा तिकडे शिकावयास गेलेल्या मुलाचें पत्र उघडलें असतां, मध्येंच असा एखादा शब्द येतो कीं शाळेंत मिळविलेली सारी इंग्रजी तेथें लंगडी पडते. कोणी म्हातारी ‘डूलॅली’ झाली आहे. कोणास ‘कुशी’ नोकरी लागली आहे. कोणी खिडकींतून बाहेर ‘डेको’ घेतला. वाचक कोश उघडतो, आणि कोशांत त्यास भेटतात कोण? तर नाशिकजवळची देवळाली, आपली रोजची ‘खुशी’ आणि हिंदुस्थानींतला ‘देखो’! परगांवीं वाट चुकून ज्यास पत्ता विचारावा तो आपल्याच आळींतला निघावा, तसाच हा प्रकार आहे.

इंग्रज ज्यास ‘स्लँग’ म्हणतात त्यास आम्ही येथें बाजारबोली म्हणतों. ग्राम्य बोली आणि ही बोली एक नव्हे. ग्राम्य बोली गांवाची असते, बाजारबोली टोळीची असते. चोर, खलाशी, शिपाई, हातगाडीवाले, शाळकरी मुलें अशा ज्या ज्या मंडळीस आपलें बोलणें इतरांस कळूं नये असें वाटतें, किंवा आपण एका गोटांतले आहों ही खूण पटवावयाची असते, ती ती मंडळी आपले शब्द आपणच पाडते. आमच्याकडील मुलांची ‘च’ची भाषा सर्वांस ठाऊक आहे. लंडनच्या भाजीविक्यांनीं एकोणिसाव्या शतकांत शब्द उलटे करून बोलण्याची अशीच युक्ति काढिली होती, व हेन्री मेह्यू यानें लंडनच्या गरिबांविषयींच्या आपल्या १८५१च्या ग्रंथांत ती नमूद केली आहे. ‘बॉय’ उलटा वाचून झालेला ‘यॉब’ आज उनाड पोरास उद्देशून सर्रास वापरला जातो. त्याच शहराच्या पूर्व भागांत यमकांची बोली निघाली. ‘लुक’ म्हणजे पाहणें, त्यास यमक ‘बुचर्स हूक’ म्हणजे खाटकाचा आंकडा. पुढें यमकाचा शब्दच गळून पडला आणि उरला नुसता ‘बुचर्स’. पाहण्याचा खाटकाशीं संबंध कोणता, हें परक्यानें कितीही डोकें खाजविलें तरी त्यास उमगावयाचें नाहीं. आणि तोच त्या बोलीचा हेतु होय.

ह्या हलक्या मानलेल्या शब्दांचा संग्रह करणारीं माणसें मात्र इंग्रजांत फार पूर्वींपासून होऊन गेलीं. केंट परगण्यांतील टॉमस हारमन यानें १५६७ सालीं भटक्या भिक्षेकऱ्यांचे व चोरांचे शब्द छापून काढिले. फ्रान्सिस ग्रोस हा लष्करांतील कॅप्टन. त्याचा कोश १७८५ सालीं निघाला. विसाव्या शतकांत न्यूझीलंडांत जन्मलेल्या व पहिल्या महायुद्धांत शिपाईगिरी केलेल्या एरिक पार्ट्रिज यानें १९३७ सालीं ह्या विषयावरील आपला मोठा कोश प्रसिद्ध केला. ह्या यादींत लष्करी माणसें वारंवार आढळतात. आमच्या मराठीचा पहिला मोठा कोश रचणारे मोल्सवर्थ साहेबही पलटणींतलेच. शब्दांचा सोंवळेपणा पाळून पलटणींत राहतां येत नाहीं, हेंही त्याचें एक कारण असेल.

आतां देशी शब्दांकडे वळूं. ते इंग्रजी बाजारबोलींत दोन वाटांनीं गेले. त्यांतली जुनी वाट जिप्सी लोकांची. हे लोक मूळचे हिंदुस्थानांतले, ही गोष्ट त्यांच्या रोमानी भाषेवरून अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन पंडितांनीं सिद्ध केली. सुमारें हजार वर्षांपूर्वी ते ह्या देशांतून निघाले आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटनमध्यें पोंचले. तेथें त्यांना कोणी दारांत उभें करीना. पण त्यांचे शब्द मात्र मागच्या दारानें घरांत शिरले. मित्र या अर्थाचा इंग्रजी ‘पॅल’ हा रोमानी ‘फ्राल’ म्हणजे भाऊ यापासून आला, आणि त्याचें मूळ आमच्या ‘भ्रातृ’ शब्दांत आहे. सतराव्या शतकांतच तो इंग्रजींत नोंदला गेला. पैसा या अर्थाचा ‘वाँगा’ हा रोमानी ‘वांगर’ म्हणजे कोळसा याचा वंशज असावा, आणि हा वांगर म्हणजे आमचा ‘अंगार’. पण सर्वांत मौजेचा, आणि थोडासा मनास लागणारा, शब्द ‘चॅव्ह’ हा होय. बहुतेक कोशकार तो रोमानी ‘चावो’ म्हणजे मुलगा यापासून काढितात, आणि हा ‘चावो’ आमच्या ‘छाव्या’चा सख्खा भाऊ आहे. एकाच प्राकृत घरांत जन्मलेले हे दोघे. त्यांतला एक महाराष्ट्रांत राहिला व सिंहाचा बच्चा झाला. संभाजीमहाराजांवरील १९७९च्या कादंबरीस शिवाजी सावंत यांनीं तेंच नांव दिलें. दुसरा पश्चिमेकडे भटकत गेला, आणि तेथें त्याची गत अशी झाली कीं, गरीब वस्तींतील भडक कपडे घालणाऱ्या तरुणांस हिणविण्यासाठीं त्याचा उपयोग होऊं लागला. २००४ सालीं ऑक्सफर्डच्या कोशकर्त्यांनीं त्या वर्षाचा शब्द म्हणून ‘चॅव्ह’ची निवड केली. शब्दाचें भाग्य शब्दांत नसतें, तो ज्याच्या तोंडी पडतो त्याच्या पायरींत असतें.

दुसरी वाट पलटणींची. १८५७च्या उठावानंतर हिंदुस्थानांत साठ-सत्तर हजार गोरे शिपाई सदैव ठेवण्याचें धोरण ठरलें. हे लोक लंडनच्या गल्ल्यांतून, लँकशायरच्या गिरण्यांतून, वेल्सच्या खाणींतून आलेले. पुस्तकी विद्या बेताची, पगार बेताचा, आणि हिंदुस्थानाशीं संबंध आला तो बल्लवाशीं, धोब्याशीं, न्हाव्याशीं, चहावाल्याशीं. त्यांतून त्यांनीं जी शब्दसंपत्ति गोळा केली तिच्यावरून त्यांचा दिनक्रम डोळ्यांपुढें उभा राहतो. पाव म्हणजे ‘रूटी’; बंदूक म्हणजे ‘बंडूक’; तुरुंग म्हणजे ‘चोकी’, आमची चौकी; फुकट मिळालेली किंवा वाटपांतून उरलेली वस्तु म्हणजे ‘बकशी’, आमचें बक्षीस; त्वरा करणें म्हणजे ‘जिल्डी’. दीर्घ सेवा व सद्वर्तन यांबद्दल जें पदक मिळे त्यास हे लोक ‘रूटी गाँग’ म्हणत: इतकीं वर्षें सरकारची रोटी खाल्ली त्याचा बिल्ला, एवढाच त्यांच्या मतें त्या पदकाचा अर्थ. सरकारी सन्मानाची याहून नेमकी व्याख्या आमच्या पाहण्यांत नाहीं. ‘चोकी’ हा शब्द तर मुलांच्या गोष्टींतही शिरला. रोआल्ड डाल यांच्या १९८८च्या ‘मटिल्डा’ ह्या पुस्तकांत दुष्ट मुख्याध्यापिका मुलांना ज्या अरुंद कपाटांत कोंडते त्याचें नांव हेंच आहे.

ह्या शब्दांचा खरा खजिना म्हणजे हेन्री यूल व आर्थर बर्नेल यांचा १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश. त्याचें नांवच मुळी गोऱ्या शिपायांच्या कानाची करामत आहे. मोहरमांत ताबुतांपुढें छाती पिटून होणारा ‘या हसन, या हुसेन’ हा शोकाचा घोष त्यांनीं ऐकला, आणि दोघां इंग्रज गृहस्थांचीं आडनांवें असावींत तसा तो उच्चारला. बर्नेल १८८२ सालीं वारले; कोश पुरा करण्याचें काम यूल यांनीं एकट्यानें केलें. ह्या ग्रंथांत त्यांनीं एक गोष्ट दाखविली आहे ती व्याकरणाची म्हणून आम्हांस वाटतें कीं पुष्कळांच्या नजरेंतून निसटली. हिंदुस्थानी क्रियापदें इंग्रजांनीं उचललीं तीं आज्ञार्थी रूपांत. ‘पकडाओ’, ‘बनाओ’, ‘फुसलाओ’, ‘धमकाओ’ हींच रूपें त्यांनीं मूळ धातु म्हणून धरिलीं, आणि त्यांनाच आपले काळाचे प्रत्यय जोडिले. ‘डेको’ तोच, फक्त येथें ‘देखो’ ह्या हुकुमाचें नाम झालें. आमच्या शाळांतून आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ अशा अर्थांची शिकवणूक होते. साहेबांच्या ह्या हिंदुस्थानींत पहिला तेवढा हजर, बाकीच्यांचा मागमूस नाहीं. ज्या माणसाशीं आपण फक्त हुकुमापुरतें बोलतों त्याच्या भाषेंतलें ‘जर’ आणि ‘तर’ शिकण्याची आपणांस गरज पडत नाहीं. दीडशें वर्षांच्या राज्यकारभारावर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. पण राज्यकर्ते व प्रजा यांचें नातें ह्या चार-पांच क्रियापदांनीं जितकें स्वच्छ सांगितलें तितकें त्यांतल्या थोड्यांनीं सांगितलें असेल.

मात्र हें लिहितांना एक अन्याय होऊं नये. हुकूम सोडणारा हा टॉमी स्वतः रात्रंदिवस हुकुमांतच जगत होता. बराकींतलें त्याचें आयुष्य आज्ञार्थींच चाललेलें असे. त्याच्या तोंडचे जे दोन शब्द पुढें सर्वांत गाजले ते हुकुमाचे नाहींत. ते घराच्या ओढीचे आहेत.

त्या दोहोंकडे जाण्यापूर्वी एक सूचना. हिंदुस्थानाशीं नातें जोडण्याची हौस इंग्रजांसही कमी नाहीं. पांचशें पौंडांस बाजारबोलींत ‘मंकी’ म्हणजे वानर म्हणतात. त्याचें कारण असें सांगतात कीं हिंदुस्थानांतील पांचशें रुपयांच्या नोटेवर वानराचें चित्र असे, व शिपायांनीं तो शब्द घरीं नेला. वानर छापलेली नोट ह्या देशांत कधीं निघालीच नाहीं. ‘पॉश’ ह्या ऐटबाज अर्थाच्या शब्दाची कथा याहून नटवी. मुंबईस येतांना जहाजाच्या डाव्या बाजूच्या व परततांना उजव्या बाजूच्या खोल्यांत ऊन कमी लागे, म्हणून श्रीमंत उतारू त्या राखून ठेवीत, आणि त्या चार इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें पी. अँड ओ. कंपनीच्या तिकिटांवर छापलेलीं असत, अशी ती कथा. तसें एकही तिकीट आजवर सांपडलें नाहीं. लोकांनीं रचलेल्या व्युत्पत्ती फार गोड असतात, आणि आमच्याकडेही गांवांच्या नांवांच्या बाबतींत त्यांचें पीक मुबलक आहे. परंतु गोडी हा पुरावा नव्हे.

असो. दोहोंपैकीं पहिला शब्द ‘ब्लायटी’. मूळ अरबी ‘विलायत’ म्हणजे राज्य किंवा प्रांत. हिंदुस्थानांत त्याचा अर्थ परमुलूख असा झाला, व शेवटीं तो इंग्लंडावर येऊन ठरला. आम्ही चिंचेस, चाफ्यास, कुत्र्यास जें विलायती म्हणतों तोच हा शब्द. उत्तरेंत ‘व’चा ‘ब’ होऊन बिलायती झाला, आणि शिपायांनीं त्याचें ‘ब्लायटी’ केलें. गंमत अशी कीं आपल्याच देशाला हांक मारण्यासाठीं त्यांनीं परक्यांनीं ठेवलेलें नांव घेतलें. मराठी मध्यमवर्गास विलायत म्हणजे बॅरिस्टरी, आय. सी. एस., आणि पूर्वीच्या काळीं परत आल्यावर प्रायश्चित्ताची कटकट. शिपायाला ब्लायटी म्हणजे माहेर. १९१४ सालीं युद्ध पेटलें, आणि हिंदुस्थानांत नोकरी केलेल्या जुन्या शिपायांबरोबर हा शब्द फ्रान्सच्या खंदकांत उतरला. ज्यांनीं मुंबईचें बंदर स्वप्नांतही पाहिलें नव्हतें अशा लाखों नव्या भरतीच्या पोरांनीं तो उचलला. १९१६ सालीं त्यावर एक गाणें निघून घरोघर झालें. त्याच सुमारास शिपायांसाठीं त्या नांवाचें एक साप्ताहिकही निघालें.

परंतु त्या खंदकांत ह्या शब्दास जो नवा अर्थ चिकटला तो ऐकून मन सुन्न होतें. जीव तर जाणार नाहीं, पण पुढें लढतांही येणार नाहीं, अशी बेताची जखम झाली म्हणजे शिपायास बोटींत घालून घरीं पाठवीत. अशा जखमेस ‘एक ब्लायटी’ म्हणूं लागले. शेजाऱ्याचा हात किंवा पाय गेला, त्यास ब्लायटी मिळाली, भाग्यवान खरा! जी जखम तशीच पण सौम्य, तिला ‘कुशी’ म्हणत. खुशी हा शब्द आम्ही लग्नपत्रिकेंत वापरतों. त्यांनीं तो गोळीच्या जखमेस लावला, आणि त्यांत थट्टा थोडी व प्रार्थना फार होती. कित्येकांनीं धीर खचून आपल्याच हातापायावर गोळी झाडून घेतली, आणि लष्करी न्यायासनापुढें त्यांस उभें राहावें लागलें. शांततेच्या काळांत ‘कुशी’ शब्द आरामाच्या नोकरीवर येऊन बसला, आणि आज तो उच्चारणारास त्याच्यावरचे रक्ताचे डाग दिसत नाहींत.

आतां देवळाली. मुंबईहून रेल्वेनें थळघाट चढून गेलें कीं नाशिकच्या अलीकडे हें गांव लागतें. हवा कोरडी व निरोगी. मुंबईची कितीतरी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या तेथें हवा पालटण्यास गेलीं. आजारी माणसांसाठीं तेथें आरोग्यभुवनें उठलीं. ह्याच माळावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोऱ्या पलटणींची एक मोठी उतारछावणी वसली. बोटीवरून उतरलेले नवे शिपाई येथें आणावयाचे व येथून देशभर पांगवावयाचे. आणि ज्यांची मुदत भरली ते देशभरांतून येथें गोळा व्हावयाचे व बोट येतांच मुंबईस न्यावयाचे, अशी व्यवस्था होती. अडचण एकच. शिपाई नेणाऱ्या बोटी हिंवाळ्याच्या हंगामांतच चालत; उन्हाळा व पावसाळा त्या बंद. वसंतांत ज्याची मुदत भरली त्यास शरदापर्यंत देवळालीस बसून राहावें लागे.

सात-आठ वर्षें परमुलखांत काढलेला तो मनुष्य. कवाईत फारशी नाहीं, काम नाहीं, शत्रु नाहीं, बरोबरीचे सोबती आपापल्या पलटणींत मागें राहिलेले. नोकरी संपली आहे, पण सुटका झालेली नाहीं. वेल्सच्या रॉयल वेल्श फ्युसिलिअर्स पलटणींतला फ्रँक रिचर्ड्स नांवाचा शिपाई विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत व ब्रह्मदेशांत होता. त्यानें १९३६ सालीं ‘ओल्ड सोल्जर साहिब’ ह्या पुस्तकांत त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. कवि रॉबर्ट ग्रेव्हज यांनीं त्यास लेखनांत साहाय्य केलें. ज्यांच्या नांवावर वर्षानुवर्षें एकही गुन्हा नव्हता अशीं माणसें देवळालीस आल्यावर बिघडत, दारूच्या व नको त्या संगतीच्या नादीं लागत, कोणी तुरुंगांत जात, कोणी विचित्र वागूं लागत, असें तो सांगतो; आणि पलटणींत कोणी वेड्यासारखें करूं लागला कीं ‘ह्याला देवळालीचा ताप चढला’ असें म्हणण्याचा प्रघात ह्या छावणींतील कंटाळ्यांतून पडला असावा, असें त्याचें मत आहे. पुढें मुदत भरलेल्यांस तेथें न पाठवितां थेट बंदरावर पाठविण्याची रीत सुरू झाली, हेंही त्यानेंच नोंदविलें आहे.

मूळ वाक्प्रचार ‘डूलॅली टॅप’. आमचा ‘ळ’ इंग्रजाच्या जिभेस वश होत नाहीं, तेव्हां देवळालीची ‘डूलॅली’ होणें क्रमप्राप्तच होतें. ‘टॅप’ म्हणजे उर्दूंतील ‘तप’, अर्थात् ज्वर; आमचा ‘ताप’ त्याच कुळांतला. इंग्रजींत ‘टॅप’ म्हणजे टपली, त्यामुळें डोक्यावर टपली बसलेला असा अर्थही ऐकणारास सहज सुचे. हळूहळू ताप उतरला आणि गांव तेवढें राहिलें. आज विलायतेंत आजीबाई विसरभोळी झाली, यंत्र नीट चालेनासें झालें, सरकारी खात्यानें एकाच घरीं तीन पत्रें धाडलीं, कीं ‘डूलॅली’ हा शब्द येतो. तो उच्चारतांना कोणी रागावत नाहीं; त्यांत एक प्रकारचा लडिवाळपणाच आहे. वाट पाहून पाहून ज्यांचीं डोकीं फिरलीं त्यांचें दुःख बरोबरीच्या शिपायांनीं थट्टेवर नेलें, आणि ती थट्टा इतकी यशस्वी झाली कीं खालचें दुःख कोणास आठवेनासें झालें. मनाच्या व्याधीस नांव देण्याची सोय त्या काळच्या लष्करी वैद्यकांत जेमतेमच होती. तें काम बराकीनें केलें, आणि रोगाचें कारणही नांवांतच ठेवून दिलें: हा ताप डासांचा नव्हे, जागेचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हा हजारों गोरे शिपाई त्याच माळावर बोटीची वाट पाहात बसले होते. त्यांतल्या पुष्कळांनीं हा शब्द लहानपणीं बापाच्या किंवा चुलत्याच्या तोंडून ऐकलेला असणार; स्टेशनावर उतरून पाटीवर तेंच नांव पाहतांना त्यांस काय वाटलें असेल, याची कल्पना करावी. २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पलटण मुंबईस गेटवेच्या कमानींतून बोटींकडे गेली, आणि ह्या देशांतील गोऱ्या शिपायांची शेवटची पलटण निघून गेली. देवळालीस आतां आपल्या सैन्याचें तोफखान्याचें विद्यालय आहे. ‘रूटी’, ‘बंडूक’, ‘जिल्डी’ हे शब्द ते वापरणाऱ्या म्हाताऱ्यांबरोबर बहुतेक संपले. ‘डेको’ व ‘ब्लायटी’ अधूनमधून ऐकूं येतात. ‘पक्का’ मात्र १९९९च्या सुमारास जेमी ऑलिव्हर नांवाच्या एका तरुण बल्लवाच्या दूरचित्रवाणीवरील तोंडून पुन्हा तरुण झाला. आणि ‘डूलॅली’ सुखरूप आहे. ऑक्सफर्डच्या कोशांत तिच्या मूळ गांवाची ओळख मुंबईजवळचें एक ठिकाण एवढीच दिलेली आहे. नाशिककर वाचकांस हें रुचणार नाहीं.